किल्ल्यांचा टॅग ऐन वेळी वाजत नाही? बिघाड किती दिवसांनी परत येतो ते आधी बघा

किल्ल्या हरवल्या तर फोनवरून वाजवून शोधता याव्यात म्हणून जुडग्याला छोटा ब्लूटूथ टॅग अडकवलेला असतो, अ‍ॅपमध्ये त्याचं नावही दिसत असतं, आणि घाईच्या वेळी आवाजाचं बटण दाबलं की पडद्यावर चक्र नुसतं फिरत राहतं. किल्ल्या शेवटी कुठेतरी सापडतात. मग टॅग अ‍ॅपमधून काढून पुन्हा जोडला जातो, तो लगेच टुणटुण वाजतो आणि सगळं ठीक झालं असं वाटतं. आठवड्याभरात पुन्हा तेच.

पुन्हा जोडल्यावर टॅग वाजतो याचा अर्थ बिघाड गेला असा होत नाही. जोडताना अ‍ॅप उघडं असतं, पडदा चालू असतो, परवानग्या नुकत्याच दिलेल्या असतात आणि टॅग फोनपासून वीतभर अंतरावर असतो. म्हणजे जे जे एरवी बिघडतं ते सगळं त्या पाच मिनिटांपुरतं आपोआप जागेवर असतं. म्हणून पुन्हा जोडणं हा अगदी शेवटचा उपाय ठेवा. आणि किल्ल्या हरवलेल्या असताना तर टॅग अ‍ॅपमधून मुळीच काढू नका. त्याची शेवटची जागा पुसली जाते, आणि टॅग हातात असल्याशिवाय तो परत जोडताही येत नाही.

त्याऐवजी एकच प्रश्न विचारा: बिघाड किती दिवसांनी परत येतो? काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत येत असेल तर दोष बहुतेक फोनचा. काही महिन्यांनी येत असेल तर सेलचा, क्वचित परवानग्यांचा. ठरावीक जागीच होत असेल तर रेडिओ लहरींचा. आणि किल्ल्या घरातल्या दुसऱ्या कुणाकडे असतानाच होत असेल तर मालकीचा.

टॅगला काय कळतं

या टॅगमध्ये जीपीएस नसतो आणि इंटरनेटही नसतं. ब्लूटूथ लो एनर्जीवर तो ठरावीक अंतराने ‘मी इथे आहे’ एवढीच बारीकशी हाक देतो. २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ या तीन वाहिन्या या हाकेसाठी राखून ठेवलेल्या असतात. हाक ऐकतो फोन, आणि आपण कुठे आहोत हे माहीत असतं तेही फोनलाच. नकाशावर टॅगची म्हणून जी खूण दिसते, ती खरं तर हाक ऐकणाऱ्या फोनची त्या क्षणाची जागा असते. त्यामुळे ‘नकाशा घर दाखवतोय, पण किल्ल्या सापडत नाहीत’ ही तक्रार बिघाडाची नाही. घर कोणतं हे नकाशा सांगतो, घरातला कोपरा कोणता हे नाही. शेजारच्या इमारतीवर खूण दिसली तरी घाबरू नका, घराच्या आत फोनचा स्वतःचा अंदाजही काही मीटर सहज चुकतो.

खुणेपेक्षा तिच्याखालची वेळ महत्त्वाची. ‘आत्ता’ असेल तर टॅग कुणाच्या तरी फोनजवळ जिवंत आहे. ‘काल रात्री ९’ असेल तर त्यानंतर सेल संपला आहे, टॅग कुठल्याच फोनच्या टप्प्यात नाही, किंवा फोन हाक ऐकतच नाही.

दोन-चार दिवसांत परत येत असेल: फोन

टाइल कंपनीच्या किंवा तशा स्वतःच्या अ‍ॅपवर चालणाऱ्या टॅगांमध्ये हा दोष सर्रास सापडतो. अ‍ॅप मागे चालू राहिलं तरच ते टॅगची हाक ऐकतं. बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड फोन अशी अ‍ॅप्स झोपवतात, आणि काही कंपन्यांचे फोन यात फारच तत्पर असतात.

अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये अ‍ॅप्स, त्यात टॅगचं अ‍ॅप, त्यात बॅटरी, आणि तिथे ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. मग त्याच पानावरच्या परवानग्यांमध्ये दोन गोष्टी तपासा. लोकेशन ‘ऑल द टाइम’ असायला हवं. ‘अ‍ॅप वापरताना’ पुरेसं नाही. अँड्रॉइड १२ पासून ‘निअरबाय डिव्हायसेस’ ही वेगळी परवानगी आली आहे, ती नसेल तर त्या अ‍ॅपला ब्लूटूथवर आसपासचं काही शोधताच येत नाही. काही फोनमध्ये याशिवाय ‘ऑटो स्टार्ट’ नावाची कळ असते. ती बंद असली तर फोन रीस्टार्ट झाल्यावर अ‍ॅप उठतच नाही, आणि आपण ते उघडेपर्यंत टॅगवर कुणाचं लक्षच नसतं. अलीकडच्या अ‍ॅप्सच्या यादीतून ते बोटाने उडवून लावायची सवय असेल तर तीही सोडा.

याच पानावर खाली एक कळ असते, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही: न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या काढून घेणारी. अँड्रॉइड ११ पासून ही सोय आहे. काही महिने अ‍ॅप उघडलं नाही की फोन त्याच्या परवानग्या आपणहून काढून घेतो. किल्ल्या शोधायचं अ‍ॅप तर आपण किल्ल्या हरवल्यावरच उघडतो, म्हणजे नेमकं याच कात्रीत सापडतं. ही कळ बंद करा. महिन्यांनी परत येणारा बिघाड सेल बदलूनही हटत नसेल तर कारण बहुधा इथे असतं.

आयफोनवर प्रायव्हसीमधल्या लोकेशन सर्व्हिसेसमध्ये त्या अ‍ॅपसाठी ‘ऑलवेज’ ठेवा आणि ‘प्रिसाइज लोकेशन’ चालू ठेवा. बॅकग्राउंड अ‍ॅप रिफ्रेशही हवं. लो पॉवर मोड ते बंद करतो, म्हणून दिवसभर पिवळ्या बॅटरीवर फोन चालवणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो.

अ‍ॅपलच्या एअरटॅगला स्वतःचं वेगळं अ‍ॅप नाही. त्याचं काम फाइंड माय हे आयफोनमधलं शोधायचं अ‍ॅप आणि आयफोनची मूळ प्रणाली पाहते, त्यामुळे झोपलेल्या अ‍ॅपचा प्रश्न तिथे येत नाही. तिथे फाइंड माय, ब्लूटूथ आणि लोकेशन चालू आहेत एवढं बघा. गूगलचं जाळं, म्हणजे आसपासच्या इतरांच्या अँड्रॉइड फोनांनी टॅगची हाक ऐकून जागा कळवण्याची सोय, २०२४ मध्ये सुरू झालं आणि २०२५ मध्ये त्याचं नाव फाइंड हब झालं. त्यात एक बारकावा आहे. मूळ सेटिंगमध्ये हे जाळं बऱ्याच फोनांनी कळवलेल्या जागा एकत्र करूनच दाखवतं. वर्दळीच्या ठिकाणी हे छान चालतं, निवांत जागी काहीच दिसत नाही. फाइंड हबच्या ऑफलाइन उपकरणांच्या सेटिंगमध्ये ‘सगळ्या भागांत’ हा पर्याय निवडला की तुमचा फोन एकटा असला तरी जागा कळवतो. मात्र हा पर्याय आजूबाजूच्यांच्या फोनवरही निवडलेला असला तरच निवांत जागी त्याचा खरा फायदा.

बदल केल्यावर लगेच चाचणी घेऊ नका, तिचा काही उपयोग नाही. पडदा बंद करून फोन अर्धा तास पडू द्या, टॅग पलीकडच्या खोलीत ठेवा, आणि मग आवाज देऊन बघा. तेव्हाही वाजला आणि पुढचे चार-पाच दिवसही वाजत राहिला तर फोनचा दोष गेला.

महिन्यांनी परत येत असेल: सेल

सेल बदलता येणाऱ्या बहुतेक टॅगांमध्ये सीआर२०३२ हा चपटा सेल असतो: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, ३ व्होल्ट. नावातच मापं आहेत. सीआर२०२५ हा २.५ मिलिमीटर जाड असतो. तो बसतो, कधीकधी चालतोही, पण स्प्रिंगला नीट टेकत नाही. किल्ल्या खुळखुळल्या की जोड तुटतो आणि टॅग बंद-चालू होत राहतो. खाली कागदाची घडी घालून तो बसवणं म्हणजे हाच बिघाड हाताने तयार करणं. चार्ज होणारा एलआयआर२०३२ दिसायला अगदी सारखा असतो, पण पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो. ३ व्होल्टच्या टॅगमध्ये तो घालू नका.

सेल थकल्याची खूण अशी: अ‍ॅप म्हणतं टॅग जवळच आहे, पण आवाजाचं बटण दाबलं की काहीच वाजत नाही, किंवा पहिला ‘टुं’ अर्धवट येऊन संपर्क तुटतो. नुसती हाक द्यायला अगदी थोडा विद्युतप्रवाह लागतो, आवाज काढायला त्याच्या कितीतरी पट. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. आवाजाचा भार पडताच व्होल्टेज कोसळतं आणि आतली चिप रीस्टार्ट होते. थंडीत हा रोध आणखी वाढतो, म्हणून रात्रभर गारठ्यात गाडीत राहिलेला टॅग सकाळी मुका आणि दुपारी ठणठणीत असू शकतो.

मल्टिमीटर लावला तर हाच सेल २.९ किंवा ३ व्होल्ट दाखवतो आणि ‘सेल तर चांगला आहे’ असा गैरसमज होतो. भार नसताना केलेलं मोजमाप इथे फसवं आहे. ४७० ओहमचा रोधक सेलच्या दोन्ही बाजूंना टेकवा आणि तो लावलेला असतानाच दोन-तीन सेकंद व्होल्टेज वाचा. साधारण ६ मिलिअँपिअरचा भार पडतो. ताजा सेल सहसा २.८ च्या वर टिकून राहतो. थकलेला बघता बघता अडीचकडे घसरतो. मीटर नसेल तर डोकं लढवत बसू नका, सरळ नवा सेल घाला.

नवा सेल घालूनही टॅग मुका असेल तर हे बघा:

पाकिटातल्या सेलवर किंवा टॅगच्या फटीत पातळ प्लास्टिकची पट्टी राहिली आहे का? अधिक चिन्हाची बाजू बरोबर आहे का? एअरटॅगमध्ये ती वर, म्हणजे आपल्याकडे, असते. त्याचं स्टीलचं झाकण दोन अंगठ्यांनी दाबून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं की निघतं, आणि सेल नीट बसला की टॅग स्वतःच एक सूर वाजवतो. सूर आला नाही तर झाकण लावू नका, आधी सेल पुन्हा बसवा.

लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून काही सेलवर कडू लेप असतो. टॅगमधल्या संपर्काची पट्टी नेमकी त्या लेपावर टेकली तर वीज पोहोचत नाही. अ‍ॅपलने असे सेल एअरटॅगमध्ये चालणार नाहीत अशी शक्यता स्वतःच सांगून ठेवली आहे. लेप नसलेला सेल घेतलात तर तो मात्र कडीकुलपात ठेवा, वापरून झालेलासुद्धा. मुलाने बटणसेल गिळला तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजू शकते, आणि ‘संपलेल्या’ सेलमध्येही तेवढा जोर उरलेला असतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी घरी वाट बघत न बसता थेट रुग्णालय गाठा.

संपर्काची पट्टी दबली असेल तर लाकडी दातकोरण्याने केसभर वर उचला, धातूच्या टोकाने नको. बोटांचा तेलकटपणाही संपर्कात येतो. सेल कडेने धरा आणि कोरड्या सुती कापडाने पुसून बसवा.

वर्षभर चालायचा सेल दोन महिन्यांत संपत असेल तर टॅगवरचं बटण तपासा. बटण असलेले टॅग पिशवीत इतर किल्ल्यांखाली दाबले जातात आणि दिवसभर फोनला साद घालत बसतात. फोन मधूनच विनाकारण वाजत असेल तर हीच ती खूण. बटणाची बाजू सपाट किल्ल्यांकडे येणार नाही असा टॅग अडकवा, किंवा त्याला कड उचललेलं आवरण घाला. काही टॅगांमध्ये सेल बदलताच येत नाही. तिथे ठरलेली वर्षं भरली की उपाय नाही, टॅग बदलायचा.

ठरावीक जागीच होत असेल: लहरी

२.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरची असते. पाणी ती शोषून घेतं, धातू तिला परतवतो. माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच. फोन छातीशी धरून टॅगकडे पाठ केली की तुम्हीच आडवे येता. खोक्यावर छापलेला टप्पा उघड्या मैदानातला असतो. दोन भिंती, एक लोखंडी कपाट आणि मध्ये फ्रिज आला की त्यातला फारच थोडा उरतो.

म्हणून घरात शोधायची पद्धत बदला. खोलीच्या मधोमध उभं राहून वारंवार बटण दाबण्यात अर्थ नाही. एकेका खोलीत जा, फोन हातभर पुढे धरा आणि जागच्या जागी सावकाश वळत दहा-पंधरा सेकंद थांबा. टॅग सतत बोलत नसतो. भराभर चालत गेलं तर दोन हाकांच्या मध्येच खोली ओलांडली जाते. मायक्रोवेव्ह चालू असेल तर बंद करा, त्याची झिरप याच पट्ट्यात असते.

लोखंडी कपाटाचा खण, गाडीची डिकी, पत्र्याचा डबा या जागांजवळ सिग्नल क्षीण येतो किंवा येतच नाही. तेव्हा सिग्नल नसणं हीसुद्धा खूणच धरा, आणि बंद धातूच्या जागा आधी उघडून पाहा.

टॅग किल्ल्यांना चिकटून राहत असेल तर किल्ल्यांचा धातूच त्याच्या अँटेनाला मारक ठरतो. मध्ये दोन-तीन सेंटिमीटरची कातडी किंवा दोऱ्याची पट्टी घाला. पूर्ण धातूचं आवरण दिसायला देखणं असतं, कामाला अडचण.

एअरटॅगचा बाण दाखवणारा शोध ही वेगळी गोष्ट आहे. त्याला अंतर आणि दिशा नेमकी मोजणारी अल्ट्रा वाइडबँड चिप लागते. ती आयफोन ११ पासूनच्या फोनांत आहे, पण एसई मालिकेत आणि आयफोन १६ई मध्ये नाही. तिथे बाण येत नाही तो बिघाड नव्हे. चिप असूनही ‘सिग्नल क्षीण’ येत असेल तर खोली बदला, या लहरींना भिंती आणखी जड जातात.

वाजतोय, पण कुठून ते कळत नाही

बारीक, एकसुरी, उंच पट्टीच्या आवाजाची दिशा कानाला नीट लागत नाही. टॅगचा आवाज अगदी तसाच असतो. पंखा आणि टीव्ही बंद करा, मान सावकाश डावी-उजवीकडे फिरवा, आणि आवाज चालू असताना न धावता दोन वाजण्यांच्या मध्ये चार पावलं सरका. आवाज ‘दबलेला’ वाटला तर सोफ्याच्या गादीखाली, कपड्यांच्या ढिगात, जाड कोटाच्या खिशात हात घाला. पूर्वीपेक्षा आवाजच बारीक झाला असेल तर टॅगच्या छिद्रात पिशवीतला कापसासारखा मळ अडकलेला असतो. मऊ कोरड्या ब्रशने काढा, टाचणी घालू नका. सजावटीचं स्टिकर छिद्रावर आलं असेल तर सोलून काढा.

दुसऱ्याकडे किल्ल्या असतानाच गडबड होत असेल: मालकी

बहुतेक टॅग एकाच खात्याशी बांधलेले असतात. किल्ल्या बायकोने किंवा भावाने नेल्या की त्यांच्या फोनला तो टॅग अनोळखी वाटतो. मग ‘अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतो आहे’ अशी सूचना येते, किंवा मालकापासून दुरावलेला एअरटॅग हलवल्यावर आपोआप वाजतो. सुरुवातीला हा अवधी तीन दिवसांचा होता. २०२१ मध्येच तो ८ ते २४ तासांमधली कोणतीही वेळ असा केला गेला. पाळत ठेवण्यासाठी टॅग कुणाच्या पिशवीत टाकला जाऊ नये म्हणून ही सोय आहे, ती बंद पाडायच्या भानगडीत पडू नका. आयफोनच्या आयओएस १७ या प्रणालीपासून एक एअरटॅग आणखी पाच जणांसोबत वाटून घेता येतो. तो वाटला की सूचनाही थांबतात आणि सगळ्यांना शोधताही येतं. घरात अर्धे आयफोन आणि अर्धे अँड्रॉइड असतील तर एअरटॅग अँड्रॉइडवर जोडताच येत नाही हे घेण्याआधीच लक्षात असू द्या. वापरलेला टॅग घेतला आणि तो जुळत नसेल तर जुन्या मालकाने आपल्या खात्यातून तो काढलेला नसतो. ते त्यालाच करावं लागतं.

रिमोटवाले संच

फोन नको असलेल्यांसाठी रिमोट आणि रंगीत रिसीव्हर असे संच मिळतात, ते बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात. यात दोष शोधणं सोपं. सगळेच रिसीव्हर मुके असतील तर रिमोटचा सेल बदला, एकच मुका असेल तर त्या रिसीव्हरचा. सेल बदलल्यावर लाल बटणाला हिरवा वाजू लागला तर जोडणी हललेली आहे, माहितीपत्रकातल्या क्रमाने ती पुन्हा करा. रिमोट भिंतीला दोरीने बांधून ठेवा, नाहीतर तोच शोधायची वेळ येते. शिटी वाजवली की उत्तर देणाऱ्या जुन्या किचेनबद्दल एवढंच सांगता येईल की ती हसण्यालाही उत्तर देतात.

काहीच लागू पडलं नाही तर

आता टॅग मोकळा करून पुन्हा जोडा, पण तो हातात असतानाच. एअरटॅगसाठी आधी तो फाइंड मायमधून काढा. मग सेल काढून बसवा आणि सूर येईपर्यंत दाबून धरा. हेच आणखी चार वेळा करा. पाचव्या वेळचा सूर वेगळा येतो, तो आला की टॅग मोकळा झाला.

तरीही शंका उरली तर दोष टॅगचा की फोनचा हे वेगळं काढा. नेहमीच्या फोनचं ब्लूटूथ बंद करा, कारण जोडलेले काही टॅग इतरांना हाक देत नाहीत. दुसऱ्या फोनवर एनआरएफ कनेक्टसारखं ब्लूटूथ तपासणारं अ‍ॅप उघडा आणि टॅग फोनला टेकवा. यादीत नाव दिसेलच असं नाही, पण एखाद्या ओळीतला सिग्नलच्या जोराचा आकडा (डीबीएम) उणे ४० च्या आसपास येईल आणि टॅग दूर नेला की उणे ८०-९० कडे घसरेल. तशी ओळ दिसली तर टॅग जिवंत आहे, परत फोनच्या सेटिंगकडे वळा. ताजा सेल असूनही अशी एकही ओळ हलत नसेल तर टॅगमधलं सर्किटच गेलेलं आहे. नवा टॅग घ्या, आणि जुन्यातला सेल काढून ठेवायला विसरू नका.